माईचं भांडं

निःस्वार्थ सेवेने माणसाचं अंतःकरण आकाशाएवढं होतं.

हे वाक्य माझं नाही. आम्ही घरातली चार माणसं आफ्रिकेत वर्षभर सेवा करून परतलो, तेव्हा पौडच्या चौकात आमच्या सत्काराचा फ्लेक्स लागला होता. त्यावर ते होतं. वरच्या बाजूला तालुक्यातल्या मान्यवरांचे हात जोडलेले हसरे फोटो, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकारात, आम्ही. माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मा, फ्लेक्ससमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग माझ्या नवऱ्याला, सलीमला, म्हणाल्या, "ह्यातलं कोन कोन आपल्यासंगं आलं व्हतं रं? मला कसं दिसलं न्हाईत?"

अंतःकरणाचं मला सांगता येणार नाही. सत्कारात मिळालेल्या शाली मात्र आकाशाएवढ्या नव्हत्या. अम्मांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि पुढे कुणाच्या तरी सत्काराला होतील म्हणून कपाटात ठेवून दिल्या.

हे आज आठवायचं कारण दिवाळी. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे इंद्रायणी कापणीला येतो. पौडहून मुळशीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापलेल्या भाताचा वास येतो. तो थोडा गोडसर, थोडा ओल्या पेंढ्याचा असतो, आणि गाडीची काच खाली केली की घरापर्यंत सोबत येतो. सकाळी धरणाकडून धुकं येतं आणि अर्ध्या खाचरांवर बसून राहतं. आणि या दिवसांत गावात ताटं फिरायला लागतात. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली, वरून चकलीचा एखादा वेढा डोकावणारी ताटं, या दारातून त्या दारात.

आमच्या आणि सुशीलावहिनींच्या घरामध्ये एक भिंत आहे. वहिनींचं घराणं जुन्या जमीनदारांचं. अर्धी जमीन आता विकली गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी हिंजवडीला जाणाऱ्या पोरांसाठी खोल्या बांधल्यात. भिंतीच्या माथ्यावर एका जागी विटा झिजून गुळगुळीत झाल्यात. दिवाळीचं फराळाचं ताट तिथून आमच्याकडे येतं, ईदच्या शिरखुर्म्याचं पातेलं तिथून तिकडे जातं. दोन्ही बाजूंनी नियम एकच: आलेलं भांडं मोकळं परत जात नाही. काही नसलं तर मूठभर साखर, चार खजूर, दारचं लिंबू. अम्मांनी आयुष्यात बरेच नियम गरजेप्रमाणे वाकवले असतील, हा नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात वहिनींची वाटी मी स्वच्छ घासून परत करायला निघाले होते. अम्मांनी मला दारात अडवलं. "पोरी, मोकळं भांडं म्हंजी भांडान हाय," त्या म्हणाल्या आणि वाटीत गुळाचा खडा टाकला.

आता वहिनींचे भाडेकरू ऑफिसातून मिळालेले सोनेरी खोके आणून देतात. आत काजूकतली असते, चांगली असते. खोका परत करायचा नसतो. मला त्याच्याबद्दल तक्रार नाही, मीही तो कचऱ्यात टाकते. पण जे भांडं परत करायचं नसतं, त्यातून आलेलं नुसतं खाणंच असतं, असं मला या दिवसांत वाटत राहतं. भांडं परत द्यायचं असलं की पुन्हा एकदा दार उघडावं लागतं.

आमची परदेशातली सगळी सेवा या एका नियमावर अडखळली, त्याची ही आठवण.

सलीम हिंजवडीतल्या उंच इमारतींमध्ये पाण्याच्या पंपांची कामं बघायचा. वरच्या मजल्यावरच्या पोहण्याच्या तलावात पाणी चढवायचं आणि त्याच इमारतीसाठी खाली टँकर बोलवायचा, असं ते काम होतं. एक दिवस तो जेवताना म्हणाला, "मला एकदा सरळ जमिनीतून पाणी काढायचंय आणि सरळ माणसाच्या हंड्यात पाडायचंय." एका संस्थेची जाहिरात त्याने पाहिली होती. ती अख्ख्या कुटुंबाला वर्षभरासाठी मलावी देशात पाठवत होती. त्याने गावोगावचे हातपंप दुरुस्त करायचे; मी कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून मी शाळेत वाचनालय उभं करायचं; आमची सना तिथल्याच शाळेत शिकणार. अम्मांसाठी काही काम नव्हतं. "मी काय हितं भिताडांशी बोलत बसू?" असं म्हणून त्या सगळ्यांच्या आधी बॅग भरून मोकळ्या झाल्या.

जाण्यापूर्वी संस्थेने प्रशिक्षण दिलं. पाणी उकळून प्या, मच्छरदाणी लावा, स्थानिकांच्या चालीरीतींचा आदर करा, आपल्या चालीरीती त्यांच्यावर लादू नका. शेवटचं वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं. अम्मांनी मला विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपन कशाला लादतुया?"

आमचं घर एका मोठ्या तलावाच्या काठी होतं. मुळशीचं धरण त्यात कितीतरी वेळा बुडालं असतं. लाल माती, पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या आणि मागे पडवी. घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या, बादलीच्या, पलंगाच्या खाली निळ्या रंगाचा एक ठिपका होता. ती संस्थेची खूण. वाऱ्यावर वाळत घातलेल्या बारीक मासळीचा वास यायचा. अम्मांनी पहिल्याच संध्याकाळी नाक वर करून खोल श्वास घेतला आणि "सुकट!" असं म्हणाल्या, जणू माहेरचं कुणी भेटलं.

त्याच आठवड्यात शेजारची बाई आली. वयाने अम्मांच्याच बरोबरीची, डोक्याला फडकं बांधलेली, मागे आठ-नऊ वर्षांची नात. तिकडे बाईला आदराने 'मायी' म्हणतात. अम्मांनी तिला लगेच माई करून टाकलं. माईच्या हातात इनॅमलचा पांढरा वाडगा होता, काठाला निळी रेघ असलेला, आणि त्यात भाजलेल्या शेंगा. तिने वाडगा आमच्या पडवीत ठेवला, हसून बरंच काही बोलली, दोन्ही तळहात जुळवून हलकेच टाळी वाजवली आणि जायला निघाली. घाईत नियम विसरून मी शेंगा सुपात ओतल्या आणि वाडगा तिच्यासमोर धरला. ती नको नको म्हणत मागे सरकली आणि नातीचा हात धरून गेलीच.

"लाजतीया," अम्मा म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. आपन भरून दिऊ."

दुसऱ्या दिवशी त्या वाडग्यात शिरा गेला. माईने दार उघडलं, वाडग्याकडे पाहिलं, अम्मांकडे पाहिलं. मग घेतला. दोन दिवसांनी वाडगा रताळी घेऊन परत आला. त्यातून खिचडी गेली. भोपळ्याची पानं आली, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली. ती इतकी सुंदर होती की सनाने बोटं चाटली. त्यातून पुऱ्या गेल्या. आंबे आले. असं ते सुरू झालं. अम्मा मावळातल्या मराठीत बोलायच्या, माई तिच्या भाषेत, आणि दोघी मान डोलवत एकमेकींचं ऐकून घ्यायच्या. दोघींना एकमेकींचं सगळं कळतंय असा आमचा समज होता. त्यांचाही होता.

"लई लळा लागलाय तिला," अम्मा मला अभिमानाने सांगायच्या. "एक दिस भांडं ऱ्हाऊ देत न्हाई आपल्याकडं."

सलीम रोज सायकलवर पान्हे लादून गावोगाव जायचा आणि संध्याकाळी ग्रीसने काळा होऊन यायचा. पंप पहिल्यांदा पाणी ओकतो तेव्हा बायका जी आरोळी ठोकतात तिची तो जेवताना नक्कल करायचा. मी शाळेत पुस्तकं लावत होते. ती दान आलेली होती, त्यात बर्फावर घसरण्याच्या खेळावरची बरीच होती. संस्थेला आम्ही दर महिन्याला कळवायचो काय काय केलं. वाडग्याचं कधी कळवलं नाही. ते काम वाटत नव्हतं.

मग पाऊस स्थिरावला आणि मका वाढायला लागला. गुडघाभर, कमरेएवढा, डोक्याच्या वर. घराच्या चारी बाजूंनी हिरव्या भिंती उभ्या राहिल्या. पाणंदीतून चालताना पानं दोन्ही गालांना घासायची. मी इतकं हिरवं कधी पाहिलं नव्हतं, आणि मुळशीत राहणाऱ्या माणसाने हे म्हणणं म्हणजे थोडं जास्तच आहे. मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. त्यांनी 'स्वर्ग' असं उत्तर पाठवलं.

वाडगा येत राहिला. फक्त त्यातलं कमी होत गेलं. रताळी बंद झाली. शेंगा बंद झाल्या. मग नुसती पानं, तीही जून. आमच्याकडून मात्र भात जात होता, डाळ जात होती, आणि अम्मा प्रत्येक खेपेला वाडगा शिगोशीग भरत होत्या, कारण तिकडून आलेल्यापेक्षा कमी पाठवणं बरं दिसत नाही. आता मला कळतं की दर भरलेल्या वाडग्याबरोबर आम्ही माईच्या दारात एक नवा पेच ठेवून येत होतो.

फेब्रुवारीत एका दुपारी वाडगा आला तो धुतलेल्या फडक्याने नीट झाकलेला. आत करड्या रंगाची लापशी होती. मला वाटलं हा काहीतरी वेगळा पदार्थ असेल. मी वहीत नाव लिहून घ्यायच्या विचारात होते. अम्मांनी बोटावर घेऊन चाखली आणि बोट तसंच धरून बसल्या.

"कोंडा हाय," त्या म्हणाल्या.

मला समजलं नाही.

"मक्याचा कोंडा. पीठ चाळल्यावर ऱ्हातो त्यो. कोंबड्यांचा." त्यांनी बाहेर उभ्या हिरव्या मक्याकडे पाहिलं. "पोरी, हा आखाड हाय."

अम्मांचं माहेर मुठेच्या खोऱ्यात. त्यांच्या लहानपणी आषाढात घरातली कणगी खरवडून झालेली असायची आणि नवं भात यायला दिवाळी लागायची. मधले महिने टाकळ्याची भाजी आणि नाचणीच्या कोंड्याची भाकरी. बाहेर सगळं हिरवंगार, आणि त्यातलं एक पानही अजून दाण्याला आलेलं नाही. "शेत जितकं हिरवं, तितकी चूल गार," असं त्या दुपारी त्यांनी मला सांगितलं, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं राहिले, पण हे कधी ऐकलं नव्हतं. आता त्याच महिन्यांत पुण्याच्या गाड्या ताम्हिणीकडे हिरवं बघायला रांग लावतात, आणि तोच टाकळा इथल्या रिसॉर्टवाल्यांच्या रानभाजी महोत्सवात मिळतो, ताटाच्या दराने.

"तिच्या घरातलं सपलंय," अम्मा म्हणाल्या. "त्या लेकराच्या तोंडचं काढून भांडं भरतीया ती. आन मी हिकडनं पाठवतीच हाय, पाठवतीच हाय."

माईच्या नातीचं नाव चिसोमो. शाळेत ती सनाच्या बाकावर बसायची. आदल्या आठवड्यात ती दोनदा प्रार्थनेला उभी असताना मटकन खाली बसली होती. ऊन लागलं असेल असं मी म्हटलं होतं.

शाळेत फिरी सर नावाचे शिक्षक होते. इंग्रजी चांगलं, स्वभाव अतिशय भिडस्त. मी त्यांना गाठून विचारलं की माईला वाईट वाटू न देता धान्य कसं पोचवता येईल. ते बूट न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, बरं झालं तुम्ही विषय काढला. माईंनी मला कधीपासून तुम्हाला विचारायला सांगितलंय. तुमचा तो भांडं फिरवायचा सण कधी संपतो?"

"सण?"

"तुमच्या धर्मातला काहीतरी नेम असावा असं त्यांना वाटतं. भांडं थांबलं तर तुमच्या घराला बाधेल. तुम्ही पाहुणे, लांबून आलेले. म्हणून त्या सांभाळतायत. फक्त अजून किती दिवस, तेवढं कळलं असतं तर बरं, असं म्हणत होत्या."

हे मी घरी येऊन सांगितलं. सलीम हसायला लागला आणि अम्मांचा चेहरा बघून थांबला.

"म्हंजी ती आपल्यासाटी करतीया," अम्मा म्हणाल्या. "आन मी तिच्यासाटी."

उपाय सोपा होता. वाडगा एकदा मोकळा परत द्यायचा, साखळी तुटली. सलीमने तसं सांगितलं. अम्मांनी वाडगा घासला, पुसला आणि निघाल्या. कुंपणापर्यंत गेल्या. तिथे उभ्या राहिल्या. परत आल्या.

"पाय उचलंना," त्या म्हणाल्या.

"मी देतो," सलीम म्हणाला.

"तू? सत्तर वर्सांत ह्या हातानं मोकळं भांडं कुनाच्या दारात गेलं न्हाई. आन आता लेकाच्या हातनं पाठवू? उपाशी घरात मोकळं भांडं?" थोडा वेळ त्या वाडगा मांडीवर घेऊन बसल्या. मग उठून त्यांनी तो आमच्या फळीवर, सगळ्यात वर ठेवला. "देतच न्हाई," त्या म्हणाल्या. "दाबून ठिवते."

पौडमध्ये दुसऱ्याचं भांडं दाबून ठेवणारी बाई म्हणजे काय, हे सांगायला नको. तिच्याबद्दल नळावर बोलतात, लग्नात तिच्या हाती भांड्यांची खोली देत नाहीत. अम्मांनी उतारवयात, परमुलखात, स्वतः होऊन ती पदवी घेतली. त्यांच्या तोंडावर मी इतकी शरम कधी पाहिली नव्हती. आमच्या सेवेच्या वर्षातलं सगळ्यात अवघड काम कुठलं असं मला कुणी विचारलं असतं, तर मी हे सांगितलं असतं. सत्कारात कुणी विचारलं नाही. तिथे भाषणं होती.

फिरी सरांनी माईला सण संपल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी ती आली. फळीवरचा वाडगा तिला दिसला. ती त्याच्याकडे बघून समाधानाने हसली, टाळी वाजवली, मोठा सुस्कारा सोडला. अम्मांनी मान खाली घातली. "बघ, मन किती मोठं," त्या मला नंतर म्हणाल्या. "एका शब्दानं मागितलं न्हाई."

पण भांडं थांबलं म्हणून पोट भरत नाही. त्याची वाट रमजानने काढली. त्या वर्षी रोजे मार्चमध्ये आले. पहिल्याच संध्याकाळी अम्मा माईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, रिकाम्या हाताने, आणि तिला मनगटाला धरून घेऊन आल्या. चिसोमो मागोमाग. फिरी सरांकरवी निरोप आधीच गेला होता की या महिन्यात आमच्यात एकट्याने खायचं नसतं, पाहुणा पानावर बसल्याशिवाय घरच्यांचा रोजा सुटत नाही. असा काही नियम मी कुठे वाचलेला नाही. आमच्या चालीरीती लादू नयेत हेही मला आठवत होतं. मी गप्प बसले.

माई ख्रिस्ती होती. तिने रोजे धरलेले नव्हते. तिचे डिसेंबरपासून चालूच होते. दिवस बुडताना पडवीत चटई पसरायची, मधोमध एकच मोठं ताट. खजूर, मग भात किंवा माईने आमच्या पिठाचा घोटलेला मक्याचा गोळा, डाळ, सुकटीचं कालवण. एकाच ताटात सगळ्यांचे हात. कुणाचं किती हे कळायची सोय नाही, आणि परत करायला काही नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा. सना आणि चिसोमो ताटात बोटांनी हद्दी आखायच्या आणि एकमेकींच्या हद्दीत घुसायच्या. अम्मा माईच्या बाजूला हळूच भात लोटायच्या. माई तो चिसोमोच्या बाजूला लोटायची. चिसोमो खायची. तिसऱ्या आठवड्यात तिने शाळेच्या आवारात सनाला पळण्यात हरवलं, आणि सना रडत घरी आली तेव्हा अम्मांनी तिला जवळ घेण्याऐवजी अल्लाचे आभार मानले.

ईदच्या सुमाराला मका पिकला. ज्या दिवशी माईच्या शेतातलं पहिलं कणीस भाजलं गेलं त्या दिवशी तिने आम्हाला तिच्या अंगणात बसवलं. हाताला काळं लागेपर्यंत आम्ही खाल्लं. अम्मांचे दात तेवढे धड नव्हते. त्यांनी एकेक दाणा काढून खाल्ला, पण कणीस सोडलं नाही.

निघायच्या वेळी अम्मांनी वाडगा खाली काढला. त्यात तांदूळ, साखर, चहाची पुडी आणि वर आपली एक नवी ओढणी घालून, छाती पुढे काढून माईकडे गेल्या. इतक्या महिन्यांचं ओझं उतरवायचं होतं. माईने तांदूळ घेतले, साखर घेतली, ओढणी लगेच डोक्याला बांधली. वाडगा मात्र घेईना. तो परत अम्मांच्या हातात द्यायची आणि आमच्या घराकडे बोट दाखवायची. अम्मा पुढे करायच्या, ती मागे ढकलायची आणि पुन्हा आमच्या घराकडे बोट. शेवटी दोघीही रडायला लागल्या.

"आठवन म्हनून ठेव म्हनतीया," अम्मा डोळे पुसत म्हणाल्या, आणि वाडगा साड्यांमध्ये गुंडाळून बॅगेत भरला.

त्याच दुपारी संस्थेचा माणूस घर ताब्यात घ्यायला आला. खुर्च्या उलट्या करून निळे ठिपके बघितले, स्वयंपाकघरात डोकावला आणि म्हणाला की एक भांडं कमी दिसतंय, आधीच्या कुटुंबाच्या वेळचंच असेल, तुम्ही मनावर घेऊ नका. मी अम्मांना अर्थ सांगितला. अम्मांनी मनावर घेतलं. बॅगेवर बसून त्यांनी त्याला मराठीत चांगलं सुनावलं, की लोकांना लाज कशी वाटत नाही, सेवेला म्हणून येतात आणि दुसऱ्याच्या घरातली भांडी घेऊन जातात. तो नम्रपणे मान हलवत होता.

तो वाडगा त्यानंतर आमच्या पौडच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर राहिला. त्याला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. "ते आपलं न्हाई, माईचं हाय," अम्मा म्हणायच्या. दर दिवाळीला वहिनींचं ताट आलं, भरून परत गेलं, की त्यांची नजर फळीकडे जायची. आठवण म्हणून दिलं तरी भांडं ते भांडंच, आणि ते परत गेलेलं नाही. "एकदा जायला पायजे," त्या पुटपुटायच्या. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या भिंतीपर्यंतही काठी घेऊन जातात.

यंदा नवा इंद्रायणी घरात आला तेव्हा त्यांनी मला फिरी सरांना फोन लावायला सांगितलं, चेहरा दिसतो तसला. सर माईकडे गेले. पडद्यावर आधी पुष्कळसं आभाळ दिसलं, मग माईचं कपाळ, आणि कपाळावर ती ओढणी, रंग उडालेली. मागून एक उंच मुलगी डोकावून हसली. ती चिसोमो आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. अम्मांनी वाडगा खाली काढून नव्या तांदळाने शिगोशीग भरला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी फोनसमोर धरला.

"माई, हे बघ तुजं भांडं. भरून ठिवलंय. मोकळं न्हाई."

माई फोनच्या अगदी जवळ आली. डोळे बारीक केले. मग हसायला लागली, इतकी की फोन हलला आणि पुन्हा आभाळ दिसलं. ती बरंच काही बोलली. फिरी सरांनी घसा साफ केला.

"मॅडम," ते म्हणाले, "माई म्हणतात ते भांडं त्यांचं नाही. ते त्या घरातलं आहे, तुम्ही राहत होता त्या. तुमच्या आधीच्या लोकांनी त्यांना त्यातून काहीतरी दिलं होतं आणि ते तसेच निघून गेले. तुम्ही राहायला आलात त्या आठवड्यात त्या ते परत करायला आल्या होत्या. निघतानाही त्यांनी सांगितलं होतं की घरात ठेवून जा."

मी अम्मांना सगळं सांगितलं. त्यांनी तांदूळ ताटात ओतला आणि वाडगा उलटा केला. तळाला निळा ठिपका होता; काठाच्या रेघेच्याच रंगाचा, म्हणून आजवर कुणाला खटकला नव्हता.

मग म्हणाल्या, "तिला इचार. परतच करायचं व्हतं, तर मग त्यात शेंगा कशाला आनल्या?"

मी विचारलं. माईने उत्तर दिलं तेव्हा ती हसत नव्हती. तिला प्रश्नच कळला नसावा अशा चेहऱ्याने ती फोनकडे बघत होती.

"त्या म्हणतात," फिरी सर म्हणाले, "परत करायचं भांडं मोकळं कसं आणायचं?"

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. "म्या म्हनलं न्हवतं?" एवढंच म्हणाल्या आणि ठिपक्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. पलीकडे माई ओढणीचं टोक चाचपत होती. रेंज जाईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.

संस्थेला मी रीतसर कळवलं. त्यांचं लगेच उत्तर आलं की भांड्याची काळजी करू नये, आमच्या कुटुंबाने केलेल्या निःस्वार्थ सेवेचा त्यांना अभिमान आहे.

भांडं सध्या आमच्याकडे नाही. माईचं नाही म्हटल्यावर अम्मांनी त्यातून नवा तांदूळ भिंतीवरून सुशीलावहिनींकडे पाठवला. ते त्यांच्याकडे आहे.